सुरी लपवायची रीत

माझ्या सासऱ्यांनी सुरी पाठीमागं का धरली होती, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हे मी आधीच लिहून ठेवते. पुढं जे झालं ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणी म्हणायला नको. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले.

मी भोरची. भोर तेव्हा संस्थान होतं. तिथं मुलींची शाळा होती, आणि मशिदीमागच्या आळीत एक म्हातारी बाई आम्हा पोरींना कुराण वाचायला शिकवायची. शाळेतल्या चार इयत्ता आणि त्या बाईनं दिलेलं वाचन, एवढी शिदोरी घेऊन मी लग्न होऊन मार्गासनीच्या पुढं राजगडाच्या अंगाला असलेल्या एका गावात आले. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या माणसांच्या नातवंडांना वाईट वाटेल आणि मला वाटणार नाही, म्हणून नको.

गाव मराठ्यांचं. वर डोंगरात धनगरांची वस्ती. मुसलमानांचं घर एकच, आमचं. सासू मी येण्याआधीच गेलेल्या. माझे मालक भोरला दरबारच्या पागेत कामाला, पंधरवड्यानं कधी येत, कधी येत नसत. घरात मी, माझी लहान पोरं आणि सासरे. त्यांना आम्ही बाबा म्हणायचो आणि गाव मुलाणी म्हणायचं.

मुलाणी म्हणजे काय हे आताच्या लोकांना सांगावं लागतं. गावात बकरं किंवा कोंबडं कापायचं तर ते मुलाण्यानं. लग्नाच्या मागचं जेवण असो, शिमग्याची धुळवड असो की देवीच्या जत्रेतला नवस असो, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मराठ्याच्या घरात त्या मटणाला कुणी हात लावत नसे. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण सगळे पाळत. नवस देवीचा, नाव अल्लाचं आणि रस्सा सगळ्यांचा. मुलाण्याला बकऱ्यामागं मटणाचा एक वाटा मिळे आणि सुगीत खळ्यावर भाताचं बलुतं.

भोरहून आलेल्या मला हे विचित्रच वाटलं होतं. देवीच्या नवसाला आपण कशाला हात लावायचा, असं मी नवी नवरी असतानाच विचारलं होतं, कारण तोंड मला पहिल्यापासून होतं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, नवस कुणाचा ते बोलणाऱ्याला माहीत, मी जीव घेतो तो ज्यानं दिला त्याला विचारून घेतो, माझं काम तेवढंच.

ते काम ते कसं करत हे मी कितीतरी वेळा पाहिलं. सुरीला धार घरी मागच्या पडवीत लावायची, जनावरासमोर कधीच नाही. सुरी उपरण्यात गुंडाळून न्यायची. तिथं गेल्यावर आधी ओंजळीनं पाणी पाजायचं. पाणी प्यायला नको म्हणालं तरी ओठ ओले करायचे. दुसरं बकरं जवळ बांधलेलं असेल तर ते आधी आडोशाला न्यायला लावायचं. आणि शेवटच्या क्षणापर्यंत सुरी पाठीमागं धरायची. पोरं विचारायची, का हो मुलाणी, सुरी लपवता का? ते दर वेळी तेच सांगायचे, आणि कंटाळा न करता सांगायचे, की जनावरानं एकदाच मरावं, सुरी दिसली की ते दोनदा मरतं. ज्यानं जीव दिला त्याला हे आवडत नाही.

गावातली पोरं दुधीभोपळ्याचं बकरं करून खेळायची. त्या खेळातही एक जण भोपळ्याला पाणी पाजायचा आणि दुसरा काठी पाठीमागं धरून उभा राहायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नंतर चावडीत बाबांचा निवाडा करायला जे बसले होते त्यातल्या निम्म्यांनी लहानपणी हाच खेळ खेळलेला असणार.

भात पोटरीत आलं होतं त्या दिवसांत पुण्याकडून एक मौलवी आले. सडकेनं नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं आमच्या गावातल्याच एकाच्या बैलगाडीनं. चांगलं शिकलेलं माणूस होतं, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं गोड. आमच्याकडे मुक्कामाला राहिले, आमच्या कोंबड्या खाल्ल्या, माझ्या भाकरीला नावाजलं. मग जेवून हात पुसता पुसता बाबांना विचारलं, की या गावात तुमच्या किती पिढ्या झाल्या? बाबा म्हणाले, मोजल्या नाहीत, कबरी आहेत तेवढ्या. तेव्हा मौलवी म्हणाले, इतक्या पिढ्या तुम्ही या लोकांत राहता, त्यांचं मीठ खाता, आणि तुम्ही कुणाला आपला दीन, आपला धर्म सांगितला? एकाला तरी? कयामतीच्या दिवशी हेच शेजारी तुमची मानगूट धरतील. म्हणतील, याला ठाऊक होतं आणि यानं आम्हाला सांगितलं नाही.

एवढं बोलून ते दुसऱ्या दिवशी त्याच बैलगाडीनं गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातं? शेळ्या कुठं गेल्या ते बघायला तो थांबत नाही.

त्यांचं सांगणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. दीन सांगावा हे मलाही शिकवलेलं होतं. पण मुसलमानांची आळीच्या आळी असलेल्या गावात ते सांगणं वेगळं आणि चारही बाजूंनी दुसऱ्यांची घरं असताना एकट्या घरानं सांगणं वेगळं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

बाबांना मात्र ते लागलं. मौलवींना वाटलं असेल की आपण एका आळशी माणसाला जागं केलं. प्रत्यक्षात त्यांनी एका हळव्या माणसाला घाबरवलं होतं. बाबांना स्वतःची भीती नव्हती. त्यांना शेजाऱ्यांची काळजी लागली. जेवताना हात थांबायचा आणि म्हणायचे, तो पलीकडचा, त्यानं आपल्या घराचं छप्पर शाकारून दिलं होतं, त्याचं काय होईल ग? आणि आत्याचं? आत्या म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. मराठ्याची विधवा, बाबांच्याच वयाची. माझी तिन्ही बाळंतपणं तिनं केली. मी तिला आत्या म्हणायचे, ती बाबांना भाऊजी म्हणायची.

मी म्हटलं, बाबा, सांगायचंच असेल तर त्यांच्या ओसरीवर बसून सांगा, आपल्या भाषेत सांगा. त्यांनी तेही करून पाहिलं. ओसरीवर गेले की लोक पान पुढं करायचे आणि बोलणं भातावरच्या किडीवर जायचं, नाहीतर बैलाच्या खुरावर. त्या बोलण्यात अल्ला एक आहे हे वाक्य कुठं घालायचं ते त्यांना जमेना. पान खाऊन घरी यायचे आणि उदास बसायचे.

आणि मग त्यांनी ती चूक केली. मी दुसऱ्या कुणाला तिला चूक म्हणू दिलं नाही तरी ती चूकच होती, आणि ती मुलाण्यालाच सुचली असती, दुसऱ्या कुणाला नाही. त्यांना वाटलं, गाव माझं ऐकतं कधी? सुरी फिरवायच्या आधी. तेव्हा सगळे गप्प उभे असतात, बकरं धरलेलं असतं, बाया चुली पेटवून बसलेल्या असतात आणि मी बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पुढं काही होत नाही. दीन सांगायची जागा तीच.

भाताची कापणी झाली आणि घरोघर मटणाची जेवणं सुरू झाली. बाबा बकऱ्याला पाणी पाजायचे, सुरी पाठीमागं धरायचे आणि मग म्हणायचे, थोडं थांबा, आधी दोन शब्द ऐका. मग सांगायचे की निर्माण करणारा एकच, त्याला कुणी बाप नाही, कुणी लेक नाही, मेल्यावर प्रत्येकाला त्याच्यापुढं उभं राहायचंय, शेजारी उपाशी असेल तर आपलं जेवण गोड नाही. दोन शब्दांचे वीस व्हायचे. पहिल्यांदा लोक हसले. कुणी म्हणायचं, आवरा की मुलाणी, चूल इझंल. कुणी माना डोलवायचं. आत्या तर तिच्या स्वैपाकघरातून ओरडली होती की खोबरं करपायला लागलंय. बाबांना यातलं काहीच लागलं नाही. ते घरी आले की खुशीत असायचे. म्हणायचे, ऐकतात ग, शांत उभे राहून ऐकतात. भुकेली माणसं मटणासाठी उभी राहतात, दीनासाठी नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेणं याला म्हणतात.

माघात पाटलांकडे सोयरे आले. पाटलांच्या लेकीचे सासरे, पुण्यात घर असलेले, अंगात कोट. त्यांच्या मानपानाला मोठं बकरं काढलं. मी पातेलं घेऊन परसात उभी होते, वाटा न्यायला. त्यामुळं पुढचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

बाबांनी पाणी पाजलं. दुसरी शेळी गोठ्याआड न्यायला लावली. सुरी पाठीमागं धरली आणि सांगायला सुरुवात केली. ते पाहुणे खाटेवर बसले होते. त्यांनी थोडं ऐकलं, मग उठले आणि बाबांच्या मागं जाऊन बघितलं. आणि पाटलांना म्हणाले, "हा माणूस पाठीमागं सुरी लपवून तुम्हाला धर्म शिकवतो, आणि तुम्ही उभे राहून ऐकता?"

बकरं पाय झाडत होतं. बाबांना तर त्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. ते त्या पाहुण्याला भोळेपणानं सांगायला गेले, की जनावराला दिसू नये म्हणून असं धरतात. पण पाहुणा हात झटकून आत निघून गेला होता. पाटलांनी मान खाली घातली आणि कापा म्हणाले. त्या दिवशी आम्हाला वाटा मिळाला. मी तो घरी नेला आणि कुत्र्याला घातला.

मग राईचा पर्वत व्हायला किती वेळ लागतो? पाहुणा पुण्याला गेला पण त्याचा शब्द गावात राहिला. मुलाणी सुरी दाखवून बाटवतो. आधी ते शाळामास्तर म्हणाला, तो बाहेरगावचा होता. मग नसरापूरच्या बाजाराहून कुणी तेच ऐकून आला, म्हणजे आमच्याच गावातलं आमच्याच गावात परत आलं आणि आता ते खरं झालं. सुरी लपवली होती आणि सुरी दाखवली, ही दोन्ही बोलणी एकाच तोंडातून यायची आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

चावडीत बैठक बसली. बायकांना तिथं जागा नव्हती. मी मारुतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले, तिथून चावडीतलं ऐकू येतं. मास्तरानं विचारलं, सुरी पाठीमागं का धरली होती? मला वाटतं, बाबा थांबले. बाकीचे कुणी सांगतील म्हणून थांबले. त्या बैठकीत ज्यांच्या घरी त्यांनी पिढ्यान् पिढ्या बकरी कापली ते सगळे होते. आत्याचा लेक होता. आमचं छप्पर शाकारणारा होता. लहानपणी भोपळ्याला पाणी पाजणारे होते. एकानं म्हणायचं होतं, मास्तर, ती रीत आहे. चार शब्द लागले असते.

कुणी बोललं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या भिंतीशी उभं राहून मी एकेकाचं नाव मनात घेतलं, आणि आजही ती नावं मला क्रमानं येतात.

शेवटी बाबांनीच सांगितलं, जे ते पोरांना सांगत आले होते तेच, की जनावरानं एकदाच मरावं. मास्तर म्हणाला, हे झालं तुमचं म्हणणं. मग ठरलं की मुलाण्याची सुरी बंद. ज्यानं त्यानं आपलं आपण कापावं. बलुतं मात्र चालू ठेवायचं, म्हातारा माणूस आहे, उपाशी मरायला नको. ही दया ऐकून मला जास्त चीड आली. काम काढून घ्यायचं आणि भात द्यायचं, म्हणजे मुलाण्याचा भिकारी करायचा. गरज सरो वैद्य मरो, असं तरी सरळ म्हणायचं होतं.

बाबांनी घरी येऊन सुरीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचली. मला म्हणाले, पुन्हा हिला हात लावायचा नाही, मीही नाही. त्यांच्या तोंडून असं निर्वाणीचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून लोक रस्त्यात भेटले की राम राम मुलाणी म्हणायचे, पहिल्यासारखंच. बाबा राम राम म्हणायचे. मी तोंड फिरवायचे. बाबा म्हणायचे, सूनबाई, शेजारी आहेत. मी म्हणायचे, म्हणूनच.

शिमगा आला. धुळवडीला घराघरांत मटण हवंच. गावानं आपलं आपण कापलं. कापण्याची सवय कुणाला होती? अंगणात तीन-तीन बकरी एकाच खुंट्याला बांधून, एकमेकांच्या देखत, दगडावर सुऱ्या घासत. आमच्या घरात बसून आवाज ऐकू येत होते. बाबा जानमाज पसरून बसले होते पण नमाजाला उभं राहणं त्यांना होत नव्हतं. तेवढ्यात एक बकरं अर्धवट कापलेलं हातातून सुटलं आणि गल्लीतून पळत आलं. आमच्या दारासमोर पडलं. मागून लोक धावत आले आणि त्याला ओढून नेलं. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. दारात रक्त पडलं होतं ते मी राखेनं पुसलं. बाबा दिवसभर जेवले नाहीत, आणि ते जेवले नाहीत म्हणून मीही जेवले नाही.

आपल्या घरातलं त्या दिवशीचं मटण आत्यानं खाल्लं नाही, हे मला नंतर कळलं. नुसत्या भाकरीवर राहिली आणि पोटात दुखतंय म्हणाली.

चैत्रात देवीची जत्रा. आत्याचा नातू आदल्या पावसाळ्यात तापानं जायचाच होता, तेव्हा तिनं नवस बोलला होता. बोकड तिनं स्वतः वाढवलेला, दूध पाजून, पाठीवर हात फिरवून. जत्रेच्या दिवशी सकाळी सगळी बकरी देवळाकडे निघाली. आत्या आपला बोकड घेऊन उलट्या वाटेनं आमच्या दारात आली. मागून तिचा लेक, लाल तोंडानं. तिनं आमच्या अंगणातल्या खुंटीला दोर बांधला आणि पायरीवर बसली.

लेक म्हणाला, आई, गावाचं ठरलंय. आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गावाचं ठरलं तवा तू हुतास न्हवं तिथं? मास्तरानं इचारलं सुरी का लपवली, तवा तुझ्या तोंडात काय झालं हुतं? तुला म्या धा बारीला सांगितलं असंल ल्हानपनी, का लपवत्यात म्हनून."

लेक उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आयुष्यभर मी त्याच्यावर रागावले पण त्या क्षणी त्याची मान ज्या प्रकारे खाली गेली ते बघून मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

बाबा बाहेर आले. त्यांनी आत्याला सांगितलं, की मी सुरी आढ्याला लावलीय, शब्द दिलाय, आता नाही. आत्या म्हणाली, शब्द कुणाला दिला? बाबा म्हणाले, सुनेला. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. मग बाबांनी तिला विचारलं, की देवळात सगळ्यांची कापतायत, तुमचाच बोकड इथं कशाला? देवी तुमची, नवस तुमचा, तुम्हाला आमच्या अल्लाच्या नावाचं काय एवढं?

आत्या म्हणाली, "जीव ज्यानं दिला त्यालाच इचारून घ्यायचा. पानी पाजायचं. सुरी दावायची न्हाई. जनावर येकदाच मेलं पायजे. लगीन हून ह्या गावात आल्ये तवापासनं तुमच्या तोंडून ऐकत्ये, भाऊजी. आता ह्ये सोडायचं म्हनलं तर मला कसं जमंल? शिमग्याला बगितलं म्या. ते मटान न्हवं, त्यो खून."

बाबा भिंतीला टेकले. मौलवीनं विचारलं होतं, एकाला तरी सांगितला का, आणि हा माणूस सगळा हिवाळा त्या प्रश्नापायी झिजला होता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

आत्या पायरीवर सरसावून बसली. पदर सारखा केला. म्हणाली, "त्या दिशी तुमी सांगत हुता आन माजं खोबरं करपत हुतं. ध्यान न्हवतं माजं. आता सांगा. बोकड बांदलाय, चूल इझवून आल्ये. सांगा काय सांगायचं हुतं ते."

बाबांनी तोंड उघडलं. इतके महिने ज्या माणसाला दोन शब्दांचे वीस करायची हौस होती त्याला एक शब्द सुचेना. मग ते खाली बसले, माझ्या हातातला तांब्या मागून घेतला, ओंजळ भरली आणि बोकडाच्या तोंडापुढं धरली. बोकड प्याला. आत्या बघत राहिली. मी आत जाऊन आढ्याची सुरी काढली, उपरण्यात गुंडाळली आणि त्यांच्या पाठीमागच्या हातात दिली. पुढून दिली नाही. त्या घरात इतकी वर्षं राहून मलाही तेवढं येत होतं.

आत्या काही आमच्या दीनात आली नाही. बोकड झाला, तिनं शीर देवीपुढं ठेवलं, घरी जाऊन रस्सा केला आणि आम्हाला वाटा आणून दिला. ती मरेपर्यंत देवीचीच होती आणि मरेपर्यंत ती सुरी लपवायची रीत पाळत होती. हे दोन्ही एका माणसात राहतं. मौलवी पुन्हा कधी आले नाहीत, नाहीतर मी त्यांना हे सांगणार होते, आणि यावेळी कोंबडी नव्हते देणार.

पण खरी चीड यायची ती पुढंच. आत्याचा बोकड आमच्या दारात झाल्याची खबर देवळापर्यंत गेली आणि दुपारपासून लोक यायला लागले. समोरच्या रस्त्यानं नाही, मागच्या परसातून. एकेक बकरं घेऊन. छप्पर शाकारणारा आला. पाटलांचा गडी आला, बकरं पाटलांचं. कुणी चावडीचं नाव काढलं नाही. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मुलाणी, एवढं बघा, म्हणायचे आणि दोर पुढं करायचे, जणू माघापासून चैत्रापर्यंत काही झालंच नव्हतं. तो चावडीतला शब्द कुणी मागं घेतला नाही, आजतागायत नाही.

मी परसाच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आधी चावडीत चला. जे तिथं बोललात ते तिथंच परत घ्या आणि मग बकरं आणा. तोवर इथं पाणीसुद्धा मिळणार नाही. दोर हातात धरून सगळे खाली बघत उभे राहिले, आणि बकरी एकमेकांना बघून ओरडायला लागली.

बाबा आतून आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस रागावेल. एकदा तरी. मी त्यांना हळू आवाजात म्हटलं की बाबा, यांना असं सोडू नका, यांनी तुमचं काय केलं ते आठवा.

ते म्हणाले, "यांनी केलं ग. बकऱ्यांनी काय केलंय?"

आणि बाजूला होऊन लोकांना सांगायला लागले, की एकेक आणा, बाकीची गोठ्याआड बांधा, एकमेकांना दिसता कामा नयेत. लोक निमूट बकरी आडोशाला न्यायला लागले. सगळ्यांना कुठं बांधायचं ते बरोब्बर माहीत होतं.

माझा राग गेला नाही. तो माझ्यासोबत कबरीत यायचा आहे. पण तांब्या रिकामा होता आणि एवढ्या बकऱ्यांना पाणी पाजायचं होतं. मी घागर उचलली, वाटेत उभे होते त्यांना धक्का देत बाहेर पडले आणि नदीवर गेले.